रूप पालटणारा पाहुणा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मातोश्रींस मूत्रमार्गाच्या विकारानें तिसऱ्यांदां ताप आला. मागच्या दोन्ही वेळीं औषध पूर्ण दिलें होतें, ताप उतरला होता, आणि शत्रु निःशेष झाला असें समजून आम्हीं देवापुढें साखर ठेविली होती. मग हा पुनःपुन्हां येतो कोठून? उशाशीं बसून या प्रश्नाचा आम्हीं जो मागोवा घेतला, तो वाचकांस सादर करितों.

या विकारास बहुधा कारण होणारा ‘एश्चेरिशिया कोलाय’ हा जंतु म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें ५००व्या भागाएवढा एक दंडुका. तो वाढून दुप्पट झाला कीं मध्यावर प्रथिनाचें एक कडें आवळतें आणि एकाचे दोन होतात. परंतु त्याच्या आनुवंशिक द्रव्यास इजा झाली, तर तें कडें तो जुळूंच देत नाहीं. सदोष वारसा वाटण्यापेक्षां वाटणी तहकूब ठेवून तो नुसता लांबत जातो. दुरुस्ती झाली कीं त्या तंतूचे पुन्हां दंडुके होतात. मूत्राशयांत या लांबण्याचा आणखी एक लाभ आहे: रक्षक पेशींच्या घोटांत एवढा लांब तंतु मावत नाहीं.

याहून विलक्षण प्रकार, नाझी राजवटींत ज्यू वंशामुळें पद गमावून जर्मनींतून आलेल्या एमी क्लीनेबर्गर या विदुषींनीं १९३५ सालीं लंडनच्या लिस्टर संस्थेंत वर्णिला. भोंवतालची भिंतच नसलेला, निश्चित आकार नसलेला तो जीव त्यांस प्रथम निराळाच वाटला. पुढें तें जंतूचेंच रूप ठरलें. संस्थेच्या नांवावरून त्यास ‘एल-रूप’ म्हणतात. पेनिसिलिन भिंतीच्या बांधणीवर घाव घालतें. जेथें भिंतच नाहीं, तेथें घाव कोणावर? मात्र या सुटकेची किंमत असते: साध्या पाण्यांत असा जंतु फुगून फुटतो. हा विकार वारंवार होणाऱ्या वृद्धांच्या मूत्रांत अशीं रूपें आढळल्याचें न्यूकॅसलच्या संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलें.

मातोश्रींच्या देहांत असेंच घडलें, असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमची चूक मात्र आम्हांस कळली: शत्रु जुन्या वेषांत दिसेना, म्हणून तो गेला असें आम्हीं मानलें. हें सर्व मातोश्रींस सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “म्हणजे पाहुणा गेला नव्हताच, माजघरांत अंग चोरून बसला होता.”

याहि वेळीं ताप उतरल्यावर देवापुढें साखर ठेविली. परंतु तापाची नोंदवही आम्हीं अद्याप मिटलेली नाहीं.