व्यासरपाडीची परई आणि आपली हलगी

मद्रास म्हणजे आजची चेन्नई. या शहराचे नाव काढले की आपल्या लोकांना मरीना बीच, इडली-डोसा आणि रजनीकांत एवढेच आठवते. पण बाबासाहेबांच्या लेकरांनी हे शहर आणखी एका कारणासाठी पाहावे असे आम्हाला वाटते. धम्माची एक जुनी वाट या शहरातून जाते आणि त्याच वाटेवर आजची तरुण मुले-मुली गाणे, वाद्य, नाटक, चित्रपट अशा सगळ्या कला हाती घेऊन उभी आहेत.

२०२४ च्या डिसेंबरात रजा टाकून आम्ही चौघे कार्यकर्ते तिकडे जाऊन आलो. निमित्त आमच्या वस्तीतल्या पोरांचे. जयंतीच्या तयारीत ही पोरे मोबाईलवर सारखे एक तमिळ गाणे लावायची. एक अक्षर कळत नव्हते. पण मध्येच ‘जयभीम’ आले की सगळी ओरडायची. चौकशी केली तेव्हा कळले की गाणारे ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’, म्हणजे जात न मानणाऱ्या तरुणांचा मेळा. म्हटले, ही मंडळी ज्या मातीतून आली ती माती एकदा पाहूनच येऊ.

सोबत आमचा धारावीचा मित्र होता. त्याचे घर तमिळ, शाळा मराठी. त्यामुळे दुभाष्याची अडचण नव्हती. त्याच्या बहिणीचे सासर व्यासरपाडीत, म्हणून मुक्कामाचीही सोय झाली. आमच्यात सर्वांत वडील म्हणजे तात्या. वय सत्तरीच्या पुढे, मूळ गाव सोलापूरकडे. गाडी सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा करीत एक दिवस-रात्र धावते. चेन्नईच्या अलीकडे अरक्कोणम लागते. या संचातला गाजलेला रॅप गायक अरिवू इथलाच. त्याची आजी वल्लिअम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली. १९६४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर मळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांना इकडे परतावे लागले, त्यांपैकी ती एक. तिच्या तोंडच्या गोष्टींतून २०२१ साली ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे झाले आणि जगभर गेले. २०२४ साली त्याने गाण्यांचा जो संग्रह काढला, त्याचे नावच ‘वल्लिअम्माचा नातू’ अशा अर्थाचे ठेवले.

गिरणगावाचे भावंड

सेंट्रल स्थानकाच्या उत्तरेला पुलियनतोप, व्यासरपाडी, पेरांबूर हा भाग लागतो. याला उत्तर चेन्नई म्हणतात. अरुंद गल्ल्या, दारात पाण्याच्या प्लास्टिकच्या घागरी, भिंतीवर बाबासाहेब आणि शेजारी फुटबॉलपटू. कॅरम आणि फुटबॉल हे इथल्या पोरांचे वेड. आम्हाला परके असे काही वाटलेच नाही. पेरांबूरजवळची बकिंगहॅम आणि कर्नाटक मिल ही इथली अन्नदाती होती. १९२१ साली तिथे मोठा संप झाला, त्यात कामगारांत जातीने फूट पडली आणि पुलियनतोपमध्ये दंगली पेटल्या. पुढे १९९६ साली मिलच बंद झाली. १९८२ च्या संपानंतरचे परळ-लालबाग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

या गल्ल्यांचे स्वतःचे गाणे आहे. त्याला ‘गाना’ म्हणतात. घरात मयत झाले की रात्रभर गाना गायचा, गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे, रडवायचे, मध्येच हसवायचेही. ठेक्याला जे हाताला लागेल ते: डबा, घागर, टेबल, काड्याची पेटी. रिक्षावाले, हमाल, मच्छिमार यांचे हे गाणे. शहराचा दुसरा भाग त्याला गाणे मानायलाच तयार नव्हता. डिसेंबर-जानेवारीत, तमिळ मार्गळी महिन्यात, मैलापूरच्या बाजूच्या सभागृहांत कर्नाटक संगीताचा मोठा हंगाम चालतो. तिथे गानाला जागा कुठली?

एकोणीस जणांचा मेळा

ही कोंडी फोडायचे मनावर घेतले चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांनी. हे चेन्नईच्या सरकारी कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेले. त्यांचा २०१४ चा ‘मद्रास’ चित्रपट याच व्यासरपाडीचा, आणि २०१८ चा ‘काला’ आपल्या धारावीचा. ‘काला’च्या गाण्यांत धारावीच्याच ‘डोपअ‍ॅडेलिक्झ’ या रॅप करणाऱ्या पोरांचा आवाज आहे, हे आमच्या मित्राने छाती फुगवून सांगितले. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने आणि संगीतकार टेन्मा यांनी गायक-वादकांच्या चाचण्या घेतल्या आणि एकोणीस जण निवडले. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईच्या किलपॉक भागात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला.

त्या कार्यक्रमाचे चित्रण आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. मयतीला गाणारे गाना गायक, रॅप म्हणणारे, गिटार आणि ड्रम वाजवणारे, परई, चट्टी आणि मोळम वाजवणारे, सगळे सुटाबुटात एका रांगेत. ते पाहून बाबासाहेबांचा सूट आठवल्याशिवाय राहत नाही. विषय काय, तर आरक्षण, गोमांस, जातीबाहेर प्रेम केले म्हणून होणारे खून. पण भाषणबाजी नाही. ऐकणारा आधी नाचतो आणि मग विचारात पडतो. एकोणीस जणांत मुलगी एकच, इसैवाणी. ही रॉयपुरमची, वडील स्वतःच्या हिमतीवर संगीत शिकलेले. गाना हा पुरुषांचाच प्रांत समजला जाई. त्यात ही ठामपणे उभी राहिली. २०२० साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचे नाव घेतले.

याच केंद्राने २०२० पासून मार्गळी महिन्यात जनतेच्या संगीताचा महोत्सव भरवायला सुरुवात केली. ज्या महिन्यात गानाला दार बंद होते, त्याच महिन्यात गाना, परई आणि मयतीचे विलापगीत यांना मंच मिळाला. नीलमची चित्रपटनिर्मिती आहे, प्रकाशन आहे, मासिक आहे आणि एग्मोर भागात २०२२ साली उघडलेले पुस्तकांचे दुकानही आहे. एका कलेचा हात दुसरीच्या हातात आहे. पुढे संचातल्या काहींनी आपापली स्वतंत्र वाट धरली. पण एकदा उघडलेला मंच त्यामुळे बंद झाला नाही.

नावामागची शंभर वर्षे

‘कास्टलेस’ हे नाव आजच्या पोरांनी इंग्रजीच्या हौसेने घेतलेले नाही. पंडित अयोती दास (१८४५ ते १९१४) यांनी आपल्या लोकांना ‘जातिविरहित तमिळ’ म्हटले होते, तिथून ते आले. अस्पृश्य म्हणवले गेलेले लोक मुळात बौद्ध होते, असे ते मांडत. १८९८ साली त्यांनी श्रीलंकेत जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मद्रासच्या रायपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघ चालवला. नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधीची ही गोष्ट. १९०७ साली त्यांनी साप्ताहिक काढले, नाव ‘ओरु पैसा तमिळन’, म्हणजे एका पैशाचा तमिळ. किंमतही एकच पैसा. आपले साप्ताहिक वर्गणी भरून वाचणाऱ्या घरांना त्या एका पैशाचे मोल कळेल.

त्याच १९०७ साली मद्रासचे विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांनी बौद्ध धम्मावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १९४८ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तिला प्रस्तावना खुद्द बाबासाहेबांची आहे. एग्मोरला महाबोधी सोसायटीच्या विहारात वंदना घेताना आमच्या मनात हेच होते. मुंबई आणि मद्रास यांचे नाते रेल्वेच्या रुळांपुरते नाही.

तात्यांचा प्रश्न

आता मुख्य गोष्ट. व्यासरपाडीत एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी परईचा सराव चालला होता. परई म्हणजे थेट आपल्या हलगीची बहीण. लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे. वाजवण्याआधी कागद-पाचोळा पेटवून कातडे शेकतात, म्हणजे आवाज कडक होतो. एका हातात आखूड जाड काडी, दुसऱ्यात लांब बारीक. दहा-बारा मुले-मुली गोल करून पावले टाकत वाजवत होती. आम्ही खुर्च्या घेऊन बसलो. तात्या मात्र उठून दूर पाराच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

तात्यांच्या घरी हलगी होती. गावातल्या वऱ्हाडापुढे, जत्रेत, मयतीला त्यांचे वडील वाजवत आणि बदल्यात शिळे अन्न पदरात घेत. बाबासाहेबांचा निरोप गावात पोहोचला, लोकांनी गावकीची कामे सोडली, तेव्हा वडिलांनी हलगी चुलीत घातली. तात्यांच्या कट्ट्यावर आधीच एक म्हातारे गृहस्थ बसलेले, मिलमधून निवृत्त झालेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आमचा मित्र मध्ये बसला, तेव्हा कळले की यांचे वडीलही परई वाजवत, आणि हेही ती ऐकायला कधी जवळ जात नाहीत. तमिळनाडूतही ठिकठिकाणी आपल्या लोकांनी मयतीला परई वाजवायला नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला. ‘परई’ या शब्दाचा अर्थ सांगणे, बोलणे. पण त्याच शब्दावरून एका समाजाला जात चिकटली, आणि इंग्रजीत बहिष्कृत माणसाला जो शब्द आहे तोही यातूनच निघाला. म्हाताऱ्यांचा राग उगाच नव्हता.

सराव थांबल्यावर वाजवणारी एक मुलगी पाणी घेऊन कट्ट्याकडे आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तात्यांना ती ‘तात्ता’ म्हणाली. तमिळमध्ये आजोबांना तसेच म्हणतात. तात्यांना वाटले, पोरीला आपले नाव कसे कळले! जरा हसणे झाले. मग तात्यांनी सरळ विचारले, “मयतीला बोलावलं तर जाता का?”

ती म्हणाली, “हुकूम आला तर नाही जात. आमच्यातलं कुणी गेलं तर आपण होऊन जातो. बाहेर कार्यक्रम असेल तर मानधन आधी ठरतं. गाडी येते. सगळे जेवतात त्या पंगतीत आम्ही जेवतो. दारू पिऊन कुणी वाजवायचं नाही. आणि शिकायला कुठल्याही जातीचं पोर आलं तरी शिकवतो.”

तात्यांनी पुन्हा विचारले, “घरचे काय म्हणतात?”

“आई बोलत नव्हती सहा महिने. म्हणायची, शिकवलं ते यासाठी का? परीक्षेत पास झाले, तेव्हा बोलायला लागली.”

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझ्या बापानं जाळली ते बरोबर होतं.” मित्राने हे तमिळमध्ये सांगितले. मुलगी म्हणाली, “बरोबरच होतं, तात्ता. त्यांनी जाळली म्हणूनच आज मला कुणी हुकूम करू शकत नाही.” शेजारचे म्हातारे काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. पुन्हा सराव सुरू झाला तेव्हाही दोघे कट्ट्यावरच बसून राहिले. जवळ आले नाहीत. उठूनही गेले नाहीत.

आपण काय घ्यावे

आम्हाला यातून जे समजले ते असे. वाद्याला जात नसते. ते वाजवायला लावणाऱ्या हुकमात जात असते. हुकूम मोडायला एका पिढीला वाद्य टाकावे लागले. त्यांचा त्याग झाला म्हणून पुढच्या पिढीला ते स्वतःच्या मर्जीने उचलता आले. चेन्नईत परई शिकवणाऱ्या एका पथकाने तर नावच ‘बुद्धर कलै कुळू’, म्हणजे बुद्धांचे कलापथक, असे घेतले आहे. आणि मदुरैकडचे परईवादक वेलु आसान यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पण ज्याला अजूनही त्या आवाजाने बापाची लाचारी आठवते, त्याला आपण नावे ठेवू नयेत. त्याचा मान राखूनच नवे वाजवावे.

आपल्याकडे हे बीज नाही असे कोण म्हणेल? भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. गाणे, वग, संवाद सगळे एकत्र. तमाशाचा साज घेतला आणि त्यातला जुना देवभोळेपणा टाकला. वामनदादांनी शब्द दिले. आज मात्र जयंतीला हजारो रुपये डीजेच्या भिंतीला जातात आणि वस्तीतले ढोलकीवाले पोर खाली उभे राहून ऐकते. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. डीजेच्या खर्चातला चौथा हिस्सा बाजूला काढून वस्तीतल्या दहा पोरांचा संच उभा करावा. त्यात गाणारे, वाजवणारे, लिहिणारे, चित्र काढणारे, मोबाईलवर चित्रण करणारे असे सगळे असावेत. मानधन आधी ठरवावे आणि वेळेवर द्यावे. सरावासाठी विहाराचे सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळे ठेवावे. मुलींना एक नव्हे, निम्म्या जागा द्याव्यात.

आणि आई-वडिलांना विनंती. शिक्षण सुटता कामा नये, हे खरेच. पण पोर अभ्यास सांभाळून सरावाला जात असेल तर त्याला अडवू नका. एकदा स्वतः जाऊन बसा. जवळ बसवत नसेल तर लांब बसा, पण ऐका.

जयभीम!