पावसाळ्यापूर्वीची पाहणी

दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की आमच्या गिरगावातल्या चाळीत पाहणीसाठी एक अभियंता येत असे. त्याच्या आदल्या रविवारी वडील खोलीतल्या भिंतीची भेग चुन्याने बुजवीत. आई काही बोलत नसे; गाद्यांची वळकटी तेवढी त्या भिंतीशी सरकवून ठेवी.

मला याची लाज वाटे. आमच्याच जिवाच्या काळजीने येणाऱ्या माणसापासून भेग लपवायची, हे कसले वागणे? त्यामागचे गणित पुढे उमगले. चाळ १९४० पूर्वीची, लाकडी तुळयांची. भाडेनियंत्रणाच्या १९४७च्या कायद्याने भाडे गोठलेले. त्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि आम्हांला दुसरे घर. १९६९च्या कायद्याने अशा इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे सोपवले खरे, पण खर्चाला मर्यादा होती. ती ओलांडणारी इमारत रिकामी करायची आणि रहिवाशांनी संक्रमण शिबिरात जायचे. शेजारच्या वाडीतले एक कुटुंब असे गेले. त्यांच्या मुलांची लग्ने शिबिरातच झाली.

एके वर्षी अभियंत्याने वळकटी बाजूला करून भिंतीवरून हात फिरवला. बोटे पांढरी झाली. ती रुमालाला पुसत त्याने विचारले, ‘‘हे कधी केलंत?’’

वडील म्हणाले, ‘‘साहेब, आम्हांला बाहेर काढलंत तर परत कधी आणाल, ते लिहून द्याल?’’

तो काही बोलला नाही. चहा घेतला, वहीत काहीतरी लिहिले आणि जिना उतरला. त्या वर्षीच्या यादीत आमची चाळ नव्हती.

ती माणुसकी होती की कर्तव्यातली कसूर, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. त्या पावसाळ्यात भिंत खचली असती तर? आमच्या मजल्यावर अकरा बिऱ्हाडे झोपत होती. घर पडेल का, या प्रश्नासाठी त्या वहीत रकाना होता. घर परत मिळेल का, यासाठी नव्हता. आम्ही खोटे बोलत होतो ते या दुसऱ्या प्रश्नापायी.

आता मी उपनगरात स्वतःच्या सदनिकेत राहतो. इमारतीला तीस वर्षे झाल्यावर नियमाप्रमाणे तपासणी झाली. अभियंता आला तेव्हा मी स्वतः कपाट ओढून त्यामागची ओल त्याला दाखवली. वडिलांपेक्षा मी अधिक प्रामाणिक आहे, असे मात्र नाही. घर माझ्या नावावर होते, एवढेच.