हे खरे आहे काय?

अमरावतीस येणारा पाहुणा बहुधा तीन गोष्टी मनाशी ठरवून येतो : अंबादेवीचे दर्शन, चिखलदऱ्याचा गारवा आणि परतताना संत्र्यांची एक करंडी. आम्हीही त्याला या तिन्ही गोष्टी हौसेने घडवतो. पण पाहुणा पुण्या-मुंबईचा, वाचनाची आवड असलेला आणि दोन दिवस जास्त राहणारा असला, तर मी त्याला आणखी एक अमरावती दाखवतो. ही अमरावती प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सापडायची नाही. ती सरकारला हिशेब विचारणारी अमरावती आहे, आणि तिची ओळख करून घेतल्यावाचून वऱ्हाड समजत नाही असे माझे प्रांजळ मत आहे.

आरंभ करायचा तो खापर्डे बगीच्यापासून. आज हे एका वस्तीचे नाव आहे. रिक्षावाल्याला सांगितले की तो बिनचूक आणून सोडतो. ज्या दादासाहेब खापर्ड्यांचे हे नाव, त्यांना लोक ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणत. लोकमान्यांचे ते जिवलग सहकारी. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. त्यांच्याच पिढीतले दुसरे नामांकित वकील म्हणजे रावबहादूर मुधोळकर, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. एक जहाल, दुसरे मवाळ. पण दोघेही पुढे व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात जाऊन बसले. सभासदाने सरकारला प्रश्न विचारावा ही मुभा १८९२ च्या कायद्याने दिली होती. उत्तर ऐकून लगेच उपप्रश्न विचारण्याची सोय १९०९ नंतर आली. आज हे किरकोळ वाटेल. त्या काळी मात्र राज्यकर्त्याला उभे करून ‘या पैशाचे काय केलेत?’ असे सभ्य शब्दांत विचारता येणे ही मोठीच मिळकत होती.

वऱ्हाडाला तर ती फारच हवी होती, कारण आमच्या या मुलखाची कहाणीच विचित्र. जमीन काळीभोर, कापूस उत्तम, पण मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या कराराने निजामाने हा प्रांत दरसाल २५ लाख रुपये खंडाने इंग्रजांना कायमचा देऊन टाकला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. एखादे शेत बटईने द्यावे तसा प्रांतच्या प्रांत! तेव्हापासून वऱ्हाडी माणसाच्या मनात एक प्रश्न घर करून बसला : आपल्या कापसावर सरकारी तिजोरीत जो पैसा जातो, त्यातला परत आपल्या गावी येतो किती? घराण्यातली भांडी जशी पिढ्यान् पिढ्या चालत येतात, तसा हा प्रश्न आमच्याकडे चालत आला आहे.

आता अमरावतीहून बडनेऱ्याला जाऊन नागपूरची गाडी धरायची, आणि तीही शक्यतो डिसेंबरात. त्या दिवसांत गाडीत नेहमीच्या उतारूंबरोबर निवेदनांची भेंडोळी घेतलेली माणसे दिसतात. कोणी विनाअनुदान शाळेतला शिक्षक, कोणी अंगणवाडीच्या बाई, कोणी धरणात जमीन गेलेला कास्तकार. सरकार नागपूरला आलेले असते. ते का येते, याचे कारण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. विदर्भ संयुक्त महाराष्ट्रात येणार तर काही शब्द द्या, असे तेव्हा ठरले. त्या करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्याबरोबर वऱ्हाडातले रामराव देशमुख आणि गोपाळराव खेडकर यांच्याही सह्या आहेत. विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरावे हे कलम सर्वांना पाठ आहे. पण त्याच करारात, वेगवेगळ्या विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी द्यावा आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही लिहिले आहे. हुरड्याच्या दिवसांत सरकार पाहुणे येते एवढेच पुष्कळांना माहीत असते. ते हिशेबाची वही घेऊन यायचे होते, याचा विसर पडतो.

नागपूरच्या विधान भवनात चालणाऱ्या कामकाजात मला, मराठीचा मास्तर म्हणून, सर्वांत गोडी आहे ती प्रश्नोत्तरांच्या छापील यादीची. ही आपल्या भाषेतली एक स्वतंत्र गद्यशैलीच आहे. प्रश्न सुरू होतो : अमुक तालुक्यातील अमुक आरोग्य केंद्रात दोन वर्षे डॉक्टर नाही, हे खरे आहे काय? मग दुसरी पायरी : असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? आणि शेवटची : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचीही ठरलेली वळणे आहेत. ‘हे खरे आहे’ असे क्वचित; ‘हे अंशतः खरे आहे’ असे वारंवार; आणि एकदा पहिल्याच पायरीवर ‘हे खरे नाही’ म्हटले की पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर एकच शब्दप्रयोग : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ हसू येते खरे. पण या कंटाळवाण्या साच्याची ताकद मोठी आहे. मंत्र्याला लेखी उत्तर द्यावे लागते, ते छापले जाते, आणि त्याने सभागृहात आश्वासन दिलेच तर ते पाळले की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. तारांकित प्रश्नावर उपप्रश्न येतात, लक्षवेधी सूचना मांडता येते, अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. खर्च होऊन गेल्यावरही महालेखापालांचा अहवाल हाती धरून लोकलेखा समिती सचिवांना बोलावते आणि पैन् पै विचारते.

या साच्यातून वऱ्हाडाने महाराष्ट्राला एक शब्द सवयीचा करून दिला : अनुशेष. शब्द संस्कृत, पण आता एस. टी. स्टँडवरही ऐकू येतो. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे ते तिने मोजले आणि ती तूट भरून काढायला किती पैसा लागेल याचा आकडा काढला. सिंचन मोजायचे माप होते रब्बी ज्वारीचे! १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी. पुढे १९९४ साली घटनेच्या ३७१(२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. निधीचे समन्यायी वाटप ही राज्यपालांची खास जबाबदारी ठरली आणि मंडळांचे अहवाल विधानसभेपुढे ठेवणे आले. त्याच साली १ एप्रिलला असलेला अनुशेष नव्या समितीने मोजला, तेव्हा तो १४,००६.७७ कोटींवर गेलेला होता. विदर्भाचा वाटा ६,६२४.०२ कोटी.

हे आकडे वर्षानुवर्षे सभागृहात जिवंत ठेवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत अमरावतीच्या प्रा. बी. टी. देशमुखांचे नाव आधी घ्यावे लागते. अमरावती विभागातल्या पदवीधरांनी त्यांना १९८० पासून तीन दशके विधान परिषदेवर पाठवले. त्यांच्या पक्षाचे बहुमत नव्हते; ते अपक्ष मास्तर. त्यांचे हत्यार म्हणजे सरकारचेच छापील कागद. गेल्या वर्षी काय सांगितले, यंदा काय सांगता, मधला पैसा कुठे आहे? वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला एकच उदाहरण पुन्हा पुन्हा सोडवायला लावणारा शिक्षक असतो ना, तसे. अशा माणसाच्या भाषणाला टाळ्या कमी पडतात. पण तो उभा राहिला की अधिकारी आपले कागद पुन्हा एकदा चाळून घेतात.

एवढ्यावर आमची सहल संपत नाही. नागपूरहून परतल्यावर मी पाहुण्याला दर्यापूर-मूर्तिजापूरकडे, खारपाणपट्ट्यात नेतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा सपाट काळा मुलूख अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. येथे विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे. पिकाला चालत नाही, माणसालाही चालत नाही. पलीकडे अकोट-तेल्हाऱ्याला वान धरणाचे पाणी पाजण्यासाठी ८४ खेड्यांची योजना करावी लागली ती याचमुळे. अनुशेषाचे खरे रूप येथे दिसते. राज्यपालांच्या २००१ च्या निदेशांनंतर पैशाचा अनुशेष कागदावर हळूहळू संपत आला. पण अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष राहिलाच. म्हणजे रुपये खर्ची पडले आणि पाणी शेताला लागले नाही. २०१२ च्या नागपूर अधिवेशनात सिंचनाची श्वेतपत्रिका गाजली, चौकशी नेमली गेली, तो इतिहास ताजा आहे. मूर्तिजापूरजवळच्या एका पारावर एक म्हातारे कास्तकार मला म्हणाले, ‘‘मास्तर, पैसा आला म्हन्तेत. मंग गेला कुठी? आन् पानी नाई आलं, ते काहून?’’ मी मनात म्हटले, विधिमंडळाच्या प्रश्नाचा सगळा साचा या बाबांनी दोन शब्दांत बसवला : कुठी आणि काहून.

हाच प्रश्न घेऊन आमदार कधी कधी स्वतःही जिल्ह्यात येतात. पंचायती राज समिती ही दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची समिती जिल्हा परिषदांचे लेखापरीक्षण तपासते आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते. कोणत्याही जिल्ह्यात ‘पीआरसी येणार’ म्हटले की जी धावपळ उडते ती दिवाळीच्या साफसफाईलाही लाजवील. वाटेवरच्या शाळांना रंग लागतो, दवाखान्यातल्या नोंदवह्या पूर्ण होतात. यात थोडे नाटक असते हे मान्य. पण पाहुणे येणार म्हणून का होईना, घर झाडले जाते. खोल उपयोग त्या साक्षीचा. ज्या खर्चाला पावती नाही, त्या खर्चाचे उत्तर जिवंत माणसाला समोर बसून द्यावे लागते.

शेवटचा मुक्काम मेळघाट. परतवाडा सोडले की घाट चढू लागतो, सागाची दाटी होते, सेमाडोह मागे पडते आणि धारणीकडची कोरकू गावे लागतात. १९९३ साली येथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. वर्तमानपत्रे, न्यायालय आणि विधिमंडळ, तिन्हीकडे मेळघाटचे नाव घुमले. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. त्यानंतरही मेळघाटवरचा प्रश्न अधिवेशनांतून पुन्हा पुन्हा येत राहिला आहे. शहरातल्या माणसाला ‘पुन्हा तेच?’ असे वाटते. पावसाळ्यात नाले भरून वाहू लागले की धारणीच्या वाटेवर उभे राहून पाहावे. मग तो प्रश्न दर वर्षी का विचारावा लागतो ते कळते. जिथल्या आईला मुंबई ठाऊक नाही, तिच्या बाळाच्या वजनाचा आकडा मुंबईत कोणीतरी उच्चारावा लागतो. तो उच्चारला गेला नाही, तर पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून तो गळतो.

पाहुण्यांना हे सगळे दाखवण्यामागे माझा थोडा स्वार्थ आहे. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा हळहळणारी माणसे फार थोडी होती. गोंधळात प्रश्नोत्तरांचा तास वाहून गेला, तर बातमी गोंधळाची होते. वाहून गेलेल्या प्रश्नांची होत नाही. आपण आमदाराला लग्नाला बोलावतो, शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावतो, नळाच्या उद्‌घाटनालाही बोलावतो. यंदाच्या अधिवेशनात आपण कोणते प्रश्न विचारलेत, आणि उत्तरे काय आली, एवढे मात्र त्याला विचारायचे राहून जाते. प्रश्नोत्तरांच्या याद्या छापलेल्या असतात, विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही असतात, आणि भाषा तर आपलीच, मराठी. फराळ आटोपल्यावर एखाद्या दुपारी आपल्या तालुक्याचे नाव त्यांत शोधून पाहा. सापडले तर उत्तर वाचा. आणि तेथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिलेले आढळले, तर एक पोस्टकार्ड लिहा आपल्या आमदाराला. मजकूर फार नको. ‘काहून?’ एवढे पुरे.