कांद्याची मुळं आणि मोरचूद

आज अकरावीच्या मुलांनी कांद्याच्या मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. साध्या पाण्यातल्या कांद्याला लांब, पांढरी मुळं फुटली होती. मोरचुदाच्या पाण्यातली मात्र आखूड, टोकाशी तपकिरी. द्राक्षबागांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं हेच मोरचूद, त्यामुळे बागाईतदारांच्या मुलांनी ते लगेच ओळखलं.

पण मी खरी गुंतते ती पेशीत. कांद्याची गुणसूत्रं सोळा. विभाजनाच्या वेळी प्रत्येकाचे दोन भाग तर्कूच्या धाग्यांनी दोन टोकांना ओढले जातात. १९३८ साली स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी याच मुळांना कोल्चिसीन दिलं आणि तर्कूच बिघडला. गुणसूत्रं दुप्पट झाली, पेशी दुभंगलीच नाही. मूळ टोकाशी फुगून गाठीसारखं झालं. आपल्या कळलावीच्या कंदातही हेच कोल्चिसीन असतं, आणि अगदी थोड्या मात्रेत ते वातरक्तावरचं औषध आहे. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती मला कोणत्याही गुणांपेक्षा मोलाची वाटते.

शिक्षकमित्रांनो, हा प्रयोग जरूर करा. फक्त उरलेलं मोरचुदाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बरणीत साठवा. मोरचुदातलं तांबं फार थोडं असलं तरी मासे आणि शेवाळ मरतात.