तिसऱ्या स्पायडरमॅनचं काय करायचं?

२००७ च्या मे महिन्यात सांगलीतल्या एका टॉकीजबाहेर मी माझ्या दादावर चारचौघांत हसलो होतो. मी बारा वर्षांचा, तो सतरा. ‘स्पायडरमॅन ३’चा दुपारचा शो नुकताच सुटला होता. ऊन असं होतं की सायकलच्या सीटला हात लावता येत नव्हता. तेवढ्यात दादाचे मित्र भेटले. ‘कसा हाय रे पिक्चर?’ एकानं विचारलं. दादा म्हणाला, ‘भारी हाय. तो वाळूवाला तर लईच भारी.’

मी मध्येच म्हणालो, ‘भारी काय भारी? बंडल आहे. ह्याला काय कळतंय!’

सगळे खो खो हसले. दादाही हसला. मग त्यानं मला सायकलवर डबलसीट घेतलं आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. तिकिटं त्याच्या पैशांची होती. सुट्टीत तो एका झेरॉक्सच्या दुकानात बसायचा आणि पहिल्या पगारातून आम्हा दोघांना बाल्कनीत घेऊन गेला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता वाटतं, त्या दिवशी मी एवढा का चिडलो होतो? कारण सोपं आहे. आदल्या तीन वर्षांत मी ‘स्पायडरमॅन २’ किती वेळा बघितला होता त्याला हिशेब नाही. भाड्यानं आणलेली सीडी, मध्येच अडकणारी, शर्टाला पुसून परत लावायची. त्यात तो धावत्या ट्रेनचा सीन आहे. ट्रेन थांबवून बेशुद्ध पडलेल्या स्पायडरमॅनला प्रवासी हातांवर उचलून आत घेतात, त्याचा मुखवटा निघालेला असतो, आणि आपल्याला वाचवणारा हा एक पोरगाच आहे हे त्यांना दिसतं. तो सीन बघताना मला दर वेळी रडू यायचं आणि दर वेळी मी पाणी प्यायला उठायचो.

अशा सिनेमाचा पुढचा भाग येतो तेव्हा आपण नवीन काही बघायला जात नाही. आधी जे वाटलं होतं तेच परत वाटावं म्हणून जातो. वर तिसऱ्या भागाच्या जाहिरातीत काळा सूट होता. माझ्या वहीवर काळ्या स्पायडरमॅनचं स्टिकर होतं. वर्गातल्या एकाच्या मामानं मुंबईहून कॉमिक पाठवलं होतं, त्यामुळे व्हेनम कोण हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. तो सिनेमा तेव्हा भोजपुरीतही डब होऊन आला होता, म्हणजे देशभर माझ्यासारखी किती पोरं डोळे लावून बसली असतील बघा.

आणि मिळालं काय? दोन तास एकोणीस मिनिटांत तीन खलनायक. ज्याच्यासाठी जीव टाकला होता तो व्हेनम शेवटी शेवटी येतो आणि मरतो. हॅरीचा बटलर दोन सिनेमे तोंड मिटून बसतो आणि ऐन वेळी सांगतो की तुझ्या वडिलांना स्पायडरमॅननं मारलं नव्हतं. अरे बाबा, मग इतके दिवस काय करत होतास? पहिल्या भागात बेनकाकांचा खुनी म्हणून ज्याला दाखवलं तो खरा खुनी नव्हताच, हेही इथे नव्यानं कळतं. आणि तो नाच! काळ्या कपड्यांतला पीटर पार्कर, कपाळावर केस, रस्त्यानं जाणाऱ्या बायकांकडे बोटं रोखत नाचत निघालाय. मला खुर्चीखाली जाऊन लपावंसं वाटलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात सरळ तीन पार्ट्या पडल्या. एक व्हेनमवाल्यांची, त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं. मी त्यातला. दुसरी, ज्यांना मारामाऱ्या आवडल्या आणि बाकी कशाशी घेणंदेणं नव्हतं. तिसरी पार्टी एकट्या मुलीची. ती म्हणाली, वाळूच्या माणसाच्या मुलीचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

पुढे मोठं झाल्यावर कळलं की ही भांडणं नुसती आमच्या वर्गात नव्हती, सिनेमा बनवणाऱ्यांमध्येही होती. दिग्दर्शक सॅम राइमीला व्हेनममध्ये रस नव्हता. त्याला सँडमॅनची गोष्ट सांगायची होती. सँडमॅन म्हणजे १९६३ पासूनचा जुना खलनायक, राइमीच्या लहानपणचा. व्हेनम आला १९८८ मध्ये, नंतरच्या पिढीचा लाडका. निर्माता अवी अराडनं आग्रह धरला की चाहत्यांना व्हेनम हवाय, तो असलाच पाहिजे. म्हणजे आमच्यासारख्यांचं ऐकलं गेलं होतं! आम्हाला हवं ते मिळालं आणि नेमकं तेच आम्हाला आवडलं नाही. सिनेमानं जगभरात सुमारे ८९ कोटी डॉलर कमावले, तिन्ही भागांत सगळ्यांत जास्त. तरीही चौथा भाग झालाच नाही. २०१० मध्ये तो रद्द झाला आणि २०१२ मध्ये नवा नट घेऊन गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली गेली. पुढे राइमीनंही मोकळेपणानं कबूल केलं की तिसरा भाग फसला, त्यातल्या सगळ्या पात्रांवर आपलाच विश्वास बसला नव्हता.

मला अजून एक गोष्ट उशिरा कळली. हा सिनेमा सॅम राइमीनं आपल्या थोरल्या भावासोबत लिहिलाय. आयवन राइमी. पेशानं डॉक्टर. पटकथेवर दोघा भावांचं आणि आल्विन सार्जंटचं नाव आहे.

*

आमच्या घरात काळा सूट आला २०१२ साली.

दादा बावीस वर्षांचा होता. बी.कॉम. करून घरी बसला होता. तेव्हा आमच्याकडे इमू पाळायचं खूळ आलं होतं. आठवतंय का कुणाला? शहामृगासारखा दिसणारा, उंच, मठ्ठ चेहऱ्याचा पक्षी. त्याचं तेल परदेशात जातं, अंडं हजारात विकतं, पिसंसुद्धा वाया जात नाहीत, असं सांगत लोक गावोगाव फिरायचे. दादाच्या एका मित्रानं शेड टाकली होती. दादा त्याच्यासोबत हिंडायला लागला. गॉगल आला. केसांना जेल आलं. बोलण्यात ‘इन्व्हेस्टमेंट’ आणि ‘रिटर्न’ आलं. आई म्हणायची, पोरगं सुधारलं. मला मात्र त्याच्याकडे बघून कसंतरीच व्हायचं. कशासारखं ते तेव्हा लक्षात आलं नाही.

वडिलांचे अडीच लाख रुपये बँकेत होते, दादाच्या आणि त्यांच्या जॉइंट खात्यावर. माझ्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेले. दादानं ते काढून शेडमध्ये घातले. कुणाला विचारलं नाही. सहा महिन्यांत दुप्पट करून परत ठेवणार होता. वर्षभरात इमू कुणी विकत घेईना, खाद्याला पैसे उरले नाहीत, मित्राचा फोन बंद. २०१३ च्या जूनमध्ये मला पुण्याच्या एका कॉलेजात नंबर लागला आणि वडील पासबुक भरून आणायला बँकेत गेले.

त्या रात्री दादा एवढंच म्हणत होता, ‘मला असं करायचं नव्हतं रे.’ मी म्हणालो, ‘पण केलंस ना.’

मी सांगलीतच बी.एस्सी. केलं. नंतर पुण्यात नोकरी लागली, बरी चाललीय. आयुष्य उद्ध्वस्त वगैरे काही झालं नाही. पण त्यानंतर आठ वर्षं मी दादाशी कामापुरतंच बोललो. आईची गोळी आणली का, गॅस लावला का, पोचलो. त्याच्या लग्नात मी पाहुण्यासारखा जेवून आलो. दादा कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला लागला. दर महिन्याला वडिलांच्या खात्यात चार हजार भरतो, हे आईनं मला दोन-तीनदा ऐकवलं. मी ‘हं’ म्हणायचो. त्याला मुलगी झाली. तिचे फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर बघायचो आणि अंगठा टाकायचो.

*

१६ डिसेंबर २०२१ ला ‘नो वे होम’ आला. मी पुण्यात पहिल्या दिवशीचा शो बघितला. तेव्हा कोरोनामुळे थिएटरं अर्ध्या क्षमतेनंच भरायची, म्हणून माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. टोबी मॅग्वायर पडद्यावर आला तेव्हा जी शिट्ट्यांची आणि किंकाळ्यांची लाट आली ती मी कधी विसरणार नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मीही ओरडलो. आणि ओरडता ओरडता वाटलं, अरे, हाच ना तो? ह्याच्याच शेवटच्या सिनेमाला आपण बंडल म्हणालो होतो. गेली दोन वर्षं त्याच्या नाचाचे मीम एकमेकांना पाठवून आपणच हसत होतो.

सँडमॅनही होता त्यात. सगळे खलनायक लढत असताना त्याचं एकच म्हणणं होतं, मला माझ्या मुलीकडे घरी जाऊ द्या.

घरी येऊन रात्री एक वाजता मी लॅपटॉपवर ‘स्पायडरमॅन ३’ लावला. चौदा वर्षांनी. गंमत म्हणून लावला होता, नाच बघायला. नाच आला आणि हसू आलं नाही. हा काही देखणा, डॅशिंग पीटर नाहीच. आयुष्यभर मान खाली घालून चाललेल्या पोराला अचानक वाटलंय की आपण भारी आहोत, आणि भारी माणसं कशी वागतात ते त्याला माहीत नाही. रस्त्यावरच्या बायका तोंड वाकडं करतायत आणि त्याला ते दिसतही नाही. मला थेट गॉगल आणि जेल लावलेला दादा दिसला. कशासारखं कसंतरी व्हायचं, ते आत्ता कळलं.

मग मी मागे जाऊन सँडमॅनच्या जन्माचा सीन लावला. वाळूच्या ढिगातून एक माणूस उठायचा प्रयत्न करतोय. एकही संवाद नाही. हात जुळतो, विरघळतो. समोर लॉकेट पडलंय, त्यात मुलीचा फोटो. ते उचलायला जातो तर बोटं वाळू होऊन गळून पडतात. पुन्हा उठतो. बारा वर्षांचा असताना मी या सीनला कंटाळून दादाला विचारलं होतं, व्हेनम कधी येणार? दादानं ‘गप बस, हे बघ’ म्हणून माझा हात दाबला होता.

आणि मग शेवट. अर्धवट बांधलेल्या इमारतीवर सँडमॅन पीटरला सांगतो, तुझ्या काकांना मारायचं नव्हतं. गाडी हवी होती, मुलगी आजारी होती, घाबरलो होतो, साथीदार धावत आला आणि गोळी सुटली. पीटर त्याला माफ करतो. सँडमॅन वाळू होऊन वाऱ्यावर निघून जातो.

यावर तेव्हा चाहते सगळ्यांत जास्त चिडले होते. खुन्याला असंच सोडून दिलं? आणि पहिल्या भागातली गोष्ट कशाला बदलली? तक्रार चुकीची नव्हती. लेखन म्हणून ती जोडणी आजही ओढूनताणूनच वाटते. पण मला त्या रात्री दुसरंच दिसलं. पीटर ‘काही हरकत नाही’ म्हणत नाही. काका परत येत नाहीत. सँडमॅनची मुलगी बरी होत नाही. त्या दोघांची मैत्रीही होत नाही. काहीच दुरुस्त होत नाही. फक्त पीटरच्या हातातलं ओझं खाली ठेवलं जातं.

मी आतापर्यंत समजत होतो की माफ करायचं म्हणजे रिव्ह्यू बदलायचा. जे वाईट होतं ते चांगलं होतं असं म्हणायचं. आता हेच बघा ना, टोबी परत आल्यावर कित्येक जण म्हणायला लागले की तिसरा भाग मुळात मास्टरपीसच होता, तेव्हा कुणाला कळला नाही. मला ते पटत नाही. बटलर आजही हास्यास्पद आहे. व्हेनम आजही कोंबलेला आहे. मी आजही त्या सिनेमाला पाचात अडीच स्टार देईन. पण अडीच स्टारच्या सिनेमासोबतही माणूस राहू शकतो. त्यातला वाळूवाला खरंच भारी आहे, हे म्हणायला उरलेलं सगळं भारी असावं लागत नाही.

*

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, कुणाचा वाढदिवस नव्हता. मी दादाला फोन केला. तो घाबरलाच. ‘काय झालं? बरा हायस न्हवं?’

‘बरा आहे. दादा, तो तिसरा स्पायडरमॅन आठवतो का तुला?’

थोडा वेळ पलीकडून शिफ्टच्या भोंग्याचा आवाज आला. मग म्हणाला, ‘वाळूवाला?’

‘हं. मी काल परत बघितला.’

‘बंडलच होता की लेका तो पिक्चर,’ दादा म्हणाला.

‘मग तेव्हा भारी म्हणालास ते?’

‘तू रडवेला झालतास. म्हटलं, निदान एकानं तरी बरं म्हणावं.’ मग थांबून म्हणाला, ‘पण वाळूवाला खरंच भारी होता.’

इमूचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तो निघावा असं मला अजून वाटतं आणि कधीतरी निघेलही. अडीच लाख अडीच लाखच आहेत, आणि पुण्याचं ते कॉलेज मी बाहेरून बघितलं की अजून पोटात कसंतरी होतं. पण मे महिन्यात मी आठ दिवस सांगलीला राहिलो. २०१३ नंतर एवढं सलग पहिल्यांदाच.

एका दुपारी लाइट गेली होती. दादाची सेकंड शिफ्ट होती. पोरगी कंटाळली होती, म्हणून आम्ही तिघं मोबाईलवर ‘स्पायडरमॅन ३’ बघत बसलो. स्क्रीन एवढीशी, आवाज फुटका. सँडमॅन वाळूतून उठत होता तेव्हा दादा आणि मी दोघंही गप्प होतो. पोरगीला त्यात काही रस नव्हता. तिनं चुळबुळ करत विचारलं, ‘हे कधी संपणार?’

मग नाच आला. पीटर रस्त्यानं बोटं रोखत निघाला आणि पोरगी उठून उभीच राहिली. तिनं तो तीनदा मागे नेऊन लावायला लावला आणि तिन्ही वेळा दादाच्या सायकलीच्या किल्लीशी खेळत त्याच्यासारखी नाचली. तिच्या मते पूर्ण सिनेमात तेवढंच चांगलं आहे.

दादा कामावर जायला उठला. जाताना म्हणाला, ‘हिला काय कळतंय!’

आणि आम्ही दोघंही हसलो.