सुटणारी गाडी

आमच्या गाडीच्या चाकाला एकही खिळा नव्हता. मधे बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, आऱ्यांवर सहा पुट्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. लहानपणी मी सुतारमामांना विचारलं होतं, "मामा, खिळं का मारत न्हाई?" वाकस चालवता चालवता ते म्हणाले, "आरं, लाकूड हाय, कवातरी मोडणारच. तवा मोडलेलं तेवढंच निघालं पायजे. खिळा मारला की उपसताना चांगलं बी फाटतं."

या बोलण्याचा अर्थ १९७२ साली कळला. एरवी उन्हाळ्यात चाकं सुकली की दादा ती नदीच्या डोहात भिजत घालायचे. लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसायची. त्या दुष्काळात डोहच आटला. धावा खुळखुळायला लागल्या. बैल आधीच विकले होते. आई-दादा खडी फोडायला जात. एका सकाळी दादांनी पाचरी ठोकून काढल्या आणि बघता बघता गाडी अंगणात सुटी झाली. धावा वजनावर विकल्या, त्यांची ज्वारी आली. लाकूड मात्र दादांनी मोजून माळ्यावर चढवलं.

चुलीला जळण नव्हतं. आई एकदा म्हणाली, "चार आरं द्या की काढून." दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोखंड पुन्हा मिळंल गं. पर बसवायला चाक नको का?" आईनं पुन्हा मागितलं नाही.

१९७३ च्या पावसानं हात दिला. उसनवारी करून बैल आणले. माळ्यावरून लाकूड उतरवलं, तर एक पुट्ठा आणि दोन आरे वाळवीनं खाल्लेले. सुतारमामांनी तेवढेच नवे घातले. गोवऱ्यांच्या जाळात नवी धाव लाल केली, चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं. करकरत सगळं चाक एक झालं. सुगीला मामांचं बलुतं घालताना दादांनी दोन पायल्या जास्त मापल्या.

परवा मुलाचा बॅटरीवरचा फवारणी पंप बंद पडला. तालुक्याच्या दुकानदारानं आतली मोटार फिरवून फिरवून बघितली. कुठं स्क्रूच नव्हता. "काका, ही उघडत न्हाई. चिकटवलेली हाय. नवीनच घ्या."

पंप गोठ्यात पडून आहे. शेजारी गाय बांधायचा खुंटा आहे. तो त्या गाडीचा आरा.