कार्ल्याची एक फेरी

नातीच्या एम. ए. च्या प्रबंधास अवघे नऊ दिवस उरले असतां तिनें आम्हांस कार्ल्यास चलण्याचा आग्रह धरला, तेव्हां घरांत थोडी कुरकुर झालीच. परंतु स्तंभलेखांतील एक अक्षर छापील ठशावरून तिला लागत नव्हतें, आणि तें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून लिहिणें तिच्या मनास पटेना. हा हट्ट आम्हांस आवडला.

मळवलीस लोकलमधून उतरून आम्ही डोंगर चढलों. एकवीरेच्या देवळाला लागूनच तें चैत्यगृह, लांबी सुमारें १२४ फूट. धेनुकाकटाच्या यवनांनीं दिलेल्या स्तंभांवर ब्राह्मी लिपींत प्राकृत लेख आहेत. ‘यवनस्य’चें ‘यवनस’ झालेलें पाहून आमच्यांतील संस्कृतशिक्षक किंचित् दचकला! पोरीनें विजेरी तिरपी धरली. समोरच्या उजेडांत न दिसणारी रेघ सावलीनें उठून आली.

“आजोबा, माझें वाचन चुकलें. दोन पानें पुन्हां लिहावीं लागणार.”

परततांना देहूरोड गेलें, तशी तिला प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटाची आठवण झाली. रात्रीं तिच्या संगणकावर तो लावला. पागनिसांचा तुकाराम पाहण्यांत आम्ही गढलों. ती मात्र मध्येंच उठून कागद घेऊन बसली. इंद्रायणींतून वह्या वर आल्या, तोंवर तिचें एक पान लिहून झालें होतें.